गीझर ॲट ४,४०० मीटर

आपल्या प्रत्येकाच्या बाथरूममध्ये एक गीझर असतो. सकाळी लोकल पकडायची घाई, तोंडात टूथब्रश आणि नजर त्या लाल दिव्यावर. कधी एकदा विझतोय! हा शब्द आला कुठून माहितीये? आइसलँडमधून. तिथे ‘गेसिर’ नावाचा जमिनीतून उसळणारा उकळत्या पाण्याचा फवारा आहे, त्याच्यावरून. म्हणजे आपण ज्याला पंचवीस लिटरचा पांढरा डबा समजतो, तो मुळात निसर्गाचा मामला!

‘हॉट स्प्रिंग’ म्हटलं की मात्र आपल्याला बाथरूम आठवत नाही, आठवतो डेस्कटॉपवरचा वॉलपेपर. दगडी कुंड, मस्त वाफा, मागे बर्फाचे डोंगर, हातात ज्यूसचा ग्लास आणि ओले असूनही एकदम स्टाइलमध्ये असलेले केस. कोकणातल्या मंडळींना आठवतं ते वेगळंच. वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. आजीचे गुडघे, कुंडावरची गर्दी आणि बाहेर गरमागरम भजी. या गावांच्या नावातच ‘ऊन’ आहे बघा. आपल्या आज्या अजूनही गरम पाण्याला ‘ऊन पाणी’च म्हणतात.

मी मागच्या जुलैत जिथे गेले होते, ते ठिकाण या दोन्ही चित्रांत बसत नाही. तिथे ज्यूस नाही, भजी नाहीत आणि बहुतेक ठिकाणी पाण्यात उतरायचीही सोय नाही. नाव पुगा. लडाखच्या पूर्वेला, चांगथांगच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटरवर. थंड वाळवंटातलं उकळतं पाणी!

बातम्यांतलं ते हे नव्हे

‘लडाखमध्ये हॉट स्प्रिंगला जातेय’ असं घरी सांगितल्यावर आईची पहिली रिॲक्शन, ‘अगं, ते चीनच्या बॉर्डरवरचं?’ आईचं चुकलं नव्हतं. २०२० साली रोज बातम्यांत येणारं ‘हॉट स्प्रिंग्ज’ नावाचं ठिकाण लडाखमध्येच आहे, पण ते चांग चेन्मो खोऱ्यात, पार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेजवळ. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी तिथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस शहीद झाले. दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात, तो त्यांच्याच आठवणीत. 

पुगा वेगळं. लेहहून सिंधू नदीच्या काठाकाठानं उपशीमार्गे चुमाथांग, पुढे माहेचा पूल ओलांडून सुमदो. तिथे दोन फाटे. डावीकडचा त्सो मोरिरी सरोवराकडे जातो, उजवीकडचा पुगाकडे. बहुतेक टुरिस्ट डावीकडे वळतात. साहजिकच आहे, सरोवराचे फोटो जास्त भारी येतात.

आणि हे वाळवंट म्हणजे खरंखुरं वाळवंट बरं का! लेहमध्ये वर्षाला पाऊस पडतो सुमारे १०० मिलिमीटर. २६ जुलै २००५ला आपल्या सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे लेहचा नऊ वर्षांचा पाऊस आपण एका दिवसात अंगावर घेतला. फक्त इथे वाळू तापत नाही, गोठते.

मग गरम पाणी येतं कुठून? ज्वालामुखी वगैरे काही नाही. काही कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड सरकत सरकत आशियाला धडकला. त्या दोघांना जोडणारी शिवण सिंधू नदीच्या आसपासच आहे. शिवण म्हटली की भेगा आल्याच. बर्फ वितळून झालेलं पाणी या भेगांतून खोल मुरतं, खालच्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. सिंपल फंडा!

सात दिवसांचं एक्सेल शीट

माझ्यासोबत होती माझी रूममेट. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे. दीड वर्ष नाइट शिफ्ट, अमेरिकेतल्या क्लायंटच्या सकाळी हिची रात्र. सलग सात दिवसांची रजा तीन वर्षांत पहिल्यांदाच मंजूर झाली होती. आता टेस्टिंगवाली पोरगी ट्रिप प्लॅन करणार म्हणजे काय होणार? एक्सेल शीट! पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्या दिवशी खारदुंगला, तिसऱ्या दिवशी पुगाला तंबूत मुक्काम. प्रत्येक चौकोनाला वेगळा रंग.

हे शीट आमच्या ड्रायव्हरनं तीस सेकंदांत फेल केलं. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. लडाखीत मोठ्या भावाला ‘आचो’ म्हणतात आणि आदरानं ‘ले’ जोडतात, म्हणून आम्ही त्यांना ‘आचो-ले’च म्हणायचो. त्यांनी हिशोब मांडला. लेह साडेतीन हजार मीटर. विमानानं आलात, म्हणजे समुद्रसपाटीवरून दोन-चार तासांत थेट इथे. आधी दोन दिवस पडून राहा. मग चुमाथांग, चार हजार मीटर, तिथे झोपायचं. पुगा दिवसा बघायचं, रात्री नाही.

‘पण आम्ही रोज जिमला जातो,’ रूममेट म्हणाली.

‘दीदी, पहाड जिम नहीं देखता,’ आचो-ले म्हणाले आणि चहा मागवायला निघून गेले.

त्यांचं गणित डॉक्टरांच्या गणिताशी तंतोतंत जुळतं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची उंची साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं सांगतात. हवेचा दाब कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी. शरीर जुळवून घेतं, पण त्याला वेळ लागतो. तो वेळ दिला नाही तर डोकेदुखी, मळमळ इथून सुरुवात होते आणि गोष्ट फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी होण्यापर्यंत जाऊ शकते. तुम्ही पंचवीस वर्षांचे आहात की फिट आहात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

दोन दिवस आम्ही लेहमध्ये चक्क लोळलो. खंबीर नावाची जाड रोटी, जर्दाळूचा जॅम आणि झोप. दीड वर्ष रात्री जागणारी पोरगी दुपारी बारा ते चार गाढ झोपली. खरं सांगायचं तर ट्रिपचं अर्धं काम तिथेच झालं होतं!

चुमाथांग: आजीचे गुडघे, लडाखी व्हर्जन

लेहहून चुमाथांग सुमारे १४० किलोमीटर. एका बाजूला सिंधू, दुसऱ्या बाजूला जांभळे, हिरवे, तपकिरी डोंगर. झाड औषधालासुद्धा नाही. मध्येच कुठेतरी मोबाइलचं नेटवर्क गेलं. रूममेटनं तीनदा फोन विमान मोडवर टाकून बघितला, मग गप दप्तरात ठेवून दिला.

चुमाथांगला झरे थेट नदीच्या काठावर आहेत. खाली बर्फाचं पाणी धो धो वाहतंय आणि काठावरच्या दगडांतून वाफा! आसपास चार-दोन धाबे, गेस्ट हाऊस आणि झऱ्याचं पाणी घेतलेल्या साध्या न्हाणीघरांच्या खोल्या. भिंतीला रंग नाही, आरसा नाही. बादलीत गरम पाणी येतं, त्यात थंड मिसळायचं, बस्स. २०१०च्या दशकात नॉर्वेच्या तज्ज्ञांच्या मदतीनं इथल्याच झऱ्याच्या उष्णतेवर हॉटेलच्या खोल्या गरम ठेवण्याचा प्रयोगही झाला होता.

तिथे आलेले बहुतेक लोक टुरिस्ट नव्हतेच. सांधेदुखी, कंबरदुखी घेऊन आलेली आसपासच्या गावांतली मंडळी होती. दिवसातून दोनदा अंघोळ, मध्ये प्रार्थनेचं चक्र फिरवत उन्हात बसायचं. मला एकदम वज्रेश्वरीच आठवली. भाषा वेगळी, पोशाख वेगळा, पण गुडघ्यावर हात ठेवून उठायची पद्धत अगदी सेम!

संध्याकाळी रूममेटचं डोकं दुखायला लागलं. ‘काही नाही गं, ऊन लागलं असेल,’ असं म्हणत ती गरम पाण्यात तासभर बसायला निघाली होती. आचो-लेंनी अडवलं. जास्त वेळ गरम पाण्यात बसलं की रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो आणि उंचीवर चक्कर यायला तेवढं पुरतं. त्यांनी तिला थुक्पा प्यायला लावला, लवकर झोपायला सांगितलं आणि वर हेही सांगितलं, ‘सुबह दर्द रहा तो पुगा नहीं, लेह.’

त्या रात्री ती अंधारात म्हणाली, ‘एवढं लांब येऊन परत जायचं? तीन वर्षांनी सुट्टी मिळालीय यार मला.’ मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. ऑफिसात आपण ताप असला तरी गोळी घेऊन डेडलाइन मारतो आणि वर त्याचं कौतुकही होतं. इथे तोच गुण अंगाशी येऊ शकतो. परत फिरायची तयारी ठेवणं हीसुद्धा एक तयारी असते, आणि ती आपल्या सीव्हीत कुठेच लिहिलेली नसते.

सकाळी तिचं डोकं ठणठणीत होतं. तरी आचो-लेंनी तिला पन्नास पावलं चालवून, दोन प्रश्न विचारून, मगच गाडीची किल्ली फिरवली.

पुगा

माहेचा पूल, सुमदो, उजवा फाटा. दरी रुंद होत गेली आणि अचानक रंग बदलले. जमिनीवर पांढरा थर, जणू कोणी मीठ सांडलंय. मध्ये पिवळे डाग. दलदलीचं हिरवंगार गवत आणि त्यातून जागोजागी वर चढणाऱ्या वाफा. सकाळच्या थंडीत त्या जास्तच दाट दिसत होत्या. आणि वास? काडेपेटी आणि सडकं अंडं, फिफ्टी-फिफ्टी!

पिवळं ते गंधक. पांढऱ्यात आहे टाकणखार, म्हणजे कॅरम बोर्डवर टाकतो त्या बोरिक पावडरीचा चुलतभाऊ. पूर्वी या दोन्ही गोष्टी इथून काढून नेल्या जायच्या. झऱ्यांचं पाणी कुठे ३० अंश, तर कुठे थेट ८४. आणि गंमत म्हणजे एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे काही झरे जमिनीतून येतात तेच जवळपास उकळत! याच कारणानं तिथे डाळ शिजता शिजत नाही आणि चहा कधीच आपल्याइतका कडक गरम लागत नाही.

इथे हीरोगिरी चालत नाही. पांढरा थर वरून घट्ट दिसतो, खाली गरम चिखल असू शकतो. आचो-ले ज्या दगडावर पाय ठेवतील त्याच दगडावर आम्ही ठेवत होतो. शेवटी त्यांनी एक जागा दाखवली. तिथे झऱ्याचं गरम पाणी थंड नाल्यात मिसळत होतं आणि कोणीतरी दगड रचून छोटं डबकं केलं होतं. आम्ही बूट काढले आणि पाय सोडून बसलो. पायांना ऊब, कानांना झोंबणारा वारा. अंगात जॅकेट, डोक्यावर टोपी. वॉलपेपरपासून शंभर मैल दूर! पण रूममेट जी गप्प बसली, ती पंधरा मिनिटं हललीच नाही. दोन वर्षं एका खोलीत राहतोय, मी तिला इतकं स्थिर कधी पाहिलं नव्हतं.

पलीकडे चांगपा लोकांचे तंबू होते. हे भटके पशुपालक. याक, मेंढ्या आणि ज्यांच्या लोकरीपासून पश्मिना बनतो त्या बकऱ्या घेऊन पठारावर फिरणारे. एक बाई पोराचं डोकं धुवायला पाण्यावर आल्या. वयानं माझ्या आईएवढ्या असतील. ‘जुले’ झालं. त्यांनी आचो-लेंना काहीतरी विचारलं आणि दोघंही हसायला लागले.

‘पूछ रही हैं, बम्बई में गरम पानी नहीं है क्या?’

काय उत्तर देणार? मी म्हटलं, आहे, पण बटण दाबून येतं. भाषांतर झालं. बाई पुन्हा काही बोलल्या. त्यांचं म्हणणं होतं, आमचं बटण बंदच होत नाही. हिवाळ्यात सगळं गोठतं तेव्हाही या नाल्याचं पाणी वाहतं राहतं, जनावरांना प्यायला मिळतं. हे पाणी आमच्यासाठी अंघोळीचं नाही, जगायचं आहे.

शाम्पू आणि मेगावॉट

तेवढ्यात तीन बुलेट आल्या. नंबरप्लेट एमएच-१२! परक्या मुलखात आपली माणसं भेटल्याचा जो आनंद होतो, तो मला साधारण दोन मिनिटं झाला. मग एकानं बॅगेतून शाम्पूची बाटली काढली.

‘दादा, इथे नका ना लावू,’ मी म्हटलं.

‘अहो ताई, बायोडिग्रेडेबल आहे.’

बायोडिग्रेडेबल म्हणजे पाण्यात टाकला तरी चालतो असं नव्हे. त्याचं विघटन व्हायला माती लागते, म्हणून तोसुद्धा पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांबच वापरायचा असतो. पुगाचा नाला पुढे सिंधूला मिळतो. वाटेत याक त्यातच पाणी पितात आणि इथल्याच दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच वावरतात. हा लडाखचा राज्यपक्षी. दादा समजूतदार निघाले, बाटली परत बॅगेत गेली. वर आम्हाला बाकरवडीही दिली. पुणेकरांनी स्वतःहून! नोंद घ्यावी.

पण शाम्पू ही छोटी गोष्ट. मोठी गोष्ट दरीतच आहे. पुगाच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करता येईल, हे भूवैज्ञानिक १९७०च्या दशकापासून सांगताहेत. फेब्रुवारी २०२१मध्ये ओएनजीसी, लडाख प्रशासन आणि लेहची हिल कौन्सिल यांच्यात करार झाला. पहिला टप्पा एक मेगावॉटचा. मग ऑगस्ट २०२२मध्ये ड्रिलिंग चालू असताना खालचं गरम पाणी जोरात वर आलं आणि नाल्यात मिसळलं. प्रशासनानं काम थांबवायला सांगितलं.

वाचताना वाटतं, झालं, व्हिलन सापडला. मीही परतीच्या वाटेवर त्याच सुरात सुरू झाले होते. आचो-लेंनी गाडी चालवता चालवता एवढंच विचारलं, ‘दीदी, जाड़े में यहाँ रही हो?’ मग त्यांनी सांगितलं. उणे तीस अंश. डिझेलचा जनरेटर, तोही काही तासच. पुगामध्येच भटक्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा आहे. जमिनीखालच्या उष्णतेवर त्या पोरांच्या खोल्या गरम राहणार असतील, रात्री दिवा लागणार असेल, तर ते कोणाला नको आहे? आणि नाला खराब झाला तर त्याच पोरांच्या आईबापांची जनावरं काय पिणार? दोन्ही प्रश्न त्यांचेच, दोन्ही खरे.

मला वाटतं, या भांडणात ‘निसर्ग जसा आहे तसाच राहू द्या’ म्हणणं आपल्याला फार सोपं आहे. आपण चार दिवस येतो, परत जाऊन बटण दाबतो. वीज हवी की नको हे ठरवायचं तिथल्या लोकांनी. आपण मागणी करायचीच असेल तर एवढीच करावी, की जे होईल ते त्यांना विचारून, नीट तपासून आणि नाल्यात काय चाललंय यावर लक्ष ठेवून व्हावं. आणि तोवर निदान आपला शाम्पू आपल्या बॅगेत ठेवावा.

जायचंय?

सीझन जून ते सप्टेंबर. लेहला विमानानं उतरलात तर पहिले दोन दिवस फक्त आराम, दारू अजिबात नाही. रक्तदाब, हृदय किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. उंचीवरची गोळीही त्यांना विचारूनच. मुक्काम चुमाथांगला, पुगा दिवसा. पुगाला सरळ पाण्यात हात घालू नका, आधी सोबतच्या स्थानिक माणसाला विचारा. परमिट आणि पर्यावरण शुल्काचे नियम बदलत असतात, ते लेहमध्ये पोचल्यावर पक्के करून घ्या. रोख पैसे जवळ ठेवा. कचरा परत आणा, अगदी वेट टिश्यूसुद्धा. तंबूंचे, माणसांचे फोटो काढण्याआधी विचारा.

आणि रजेचा अर्ज सात दिवसांचा करू नका. दहाचा करा. बॉसनं कारण विचारलं तर सांगा, त्यातले दोन दिवस नुसतं पडून राहण्याची डॉक्टरांचीच ऑर्डर आहे. खोटं बोलल्याचं टेन्शन नाही, कारण ते शंभर टक्के खरं आहे!